जरा विझर्डला आवरा!

शनिवार, संध्याकाळचे साडेसात. कोथरूडमधला तिसऱ्या मजल्यावरचा एक टू बीएचके. डायनिंग टेबलवर वेफर्सची फोडलेली पाकिटं, चहाचे कप, टोकं मोडलेल्या पेन्सिली आणि मूठभर रंगीत फासे. खाली पार्किंगमध्ये कुणाच्या तरी वाढदिवसाची गाणी लागलीयत. आणि वर मी, वय वर्षं अठ्ठावीस, मास कॉमची पदवी खिशात असलेली एक जबाबदार नागरिक, खुर्चीवरून उठून ओरडते, "फायरबॉल!"

आठ फासे टेबलवर गडगडतात. बेरीज ३१. सहा गॉब्लिन जागच्या जागी खल्लास. टाळ्या, शिट्ट्या, एक वेफर हवेत.

टेबलच्या दुसऱ्या टोकाला बसलेला भैरू हातातला फासा परत खाली ठेवतो. त्याची टर्न यायच्या आत लढाई संपलेली असते.

त्या दिवशी मला हे दिसलंच नाही. दिसायला जवळजवळ वर्ष लागलं.

थांबा, आधी गेम सांगते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, लाडाने डी अँड डी. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ बघितली असेल तर ती पोरं तळघरात बसून जे खेळतात ना, तेच. एक जण गोष्ट सांगतो, तो डंजन मास्टर, म्हणजे डीएम. बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र. "तुमच्यासमोर तुटका पूल आहे, काय करता?" असं तो विचारतो. आपण काहीही सांगू शकतो. जमलं की नाही, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. ना स्क्रीन, ना कंट्रोलर. पाच जणांची कल्पनाशक्ती आणि डीएमच्या बायकोची सहनशक्ती, एवढ्या भांडवलावर चालतो हा खेळ.

आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना पात्राच्याच नावाने हाक मारायची पद्धत आहे, म्हणून इथेही तीच नावं. भैरू म्हणजे आमचा फायटर. ढाल, तलवार, चिलखत. खऱ्या आयुष्यात तो हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. चिकू म्हणजे रोग, चोरट्या पावलांनी फिरणारी, कुलपं उघडणारी. खरी चिकू आर्किटेक्ट आहे. माई ही आमची क्लेरिक, देवाच्या कृपेने जखमा बऱ्या करणारी. खरी माई सहा फुटी, दाढीवाला डेंटिस्ट आहे. डीएम बँकेत आहे. आणि मी विद्युल्लता, विझर्ड. फ्रीलान्स पत्रकार असलेल्या बाईने जादूगार का व्हावं, त्याकडे पुढे येतेच.

सगळं मीच!

सुरुवातीला मी अगदी केविलवाणी होते हो. पहिल्या लेव्हलच्या विझर्डला दिवसाला दोन धड स्पेल मिळतात. ते संपले की फुटकळ जादू करत मागे उभं राहायचं. हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसू शकता तो आकडा, माझा आठ. एखादा बरा घाव बसला की बाई आडवी. पहिले काही महिने भैरूच्या ढालीमागे लपूनच मी जगले.

मग आली पाचवी लेव्हल. भैरूला एका टर्नमध्ये एकाऐवजी दोन वार करता यायला लागले. आणि मला फायरबॉल मिळाला.

आता जरा हिशेब बघा. भैरूचा एक वार सरासरी साडेआठचा. दोन्ही लागले तर सतरा, आणि तेही समोर येईल त्याच्यावर. फायरबॉल म्हणजे सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी २८, आणि वीस फूट त्रिज्येच्या गोळ्यात जो जो असेल त्या प्रत्येकाला. चपळाईने अंग चोरलं तरी निम्मा मार बसतोच, म्हणजे १४. गॉब्लिनचे हिट पॉइंट किती? सात.

पण खरी गंमत मारामारीत नव्हतीच. दाराला कुलूप आहे? चिकू आपली हत्यारं काढेपर्यंत मी ‘नॉक’ टाकलेला असायचा. कुलूप उघडायचं, पण धाडकन आवाज तीनशे फुटांपर्यंत जायचा. चिकू डोकं धरून बसायची. नदी आडवी आली? मी ‘फ्लाय’ टाकून पलीकडे. शत्रूच्या तळावर कुणाला पाठवायचं? ‘इन्व्हिजिबिलिटी’ आहे ना, मीच जाते. कैद्याला बोलतं करायचंय? ‘डिटेक्ट थॉट्स’, त्याच्या डोक्यातलं सरळ वाचून दाखवते. रानात रात्र काढायची? पहारा कशाला, माझी जादूची झोपडी आहे की, आठ तास बाहेरचं कुणी आत येऊ शकत नाही.

डीएमने "काय करता?" असं विचारलं की माझ्याकडे वीस उत्तरं असायची. भैरूकडे एकच. "मी मारतो."

आणि मी नुसती खेळत नव्हते, घरी अभ्यास करत होते. कुठला स्पेल किती फुटांवर चालतो, किती मिनिटं टिकतो, सगळं तोंडपाठ. बारावीला एवढा केला असता तर आई-बाबांना बरं वाटलं असतं.

डीएमने मला आवरायचा प्रयत्न केला नाही असं नाही. कधी शत्रूचे सगळे तिरंदाज नेमके माझ्यावरच नेम धरायचे. एकदा तर आम्ही अशा गुहेत शिरलो जिथे जादूच चालत नव्हती. त्या दिवशी मी तीन तास गाल फुगवून बसले होते. "हे चीटिंग आहे" असं ऐकवलंही. राक्षस जास्त तगडे करून पाहिले, तर मला जेमतेम ओरखडा आणि भैरू अर्धमेला.

किंगकाँग प्रकरण

आणि मग तो शनिवार आला. आम्ही सातव्या लेव्हलला होतो. डोंगरातले राक्षस, म्हणजे हिल जायंट, गावं लुटत होते. त्यांच्याशी शेवटची लढाई. डीएमने त्याच्या आधी भैरूच्या हाती एक खास तलवार लागेल असं जमवून आणलं होतं. ‘जायंट स्लेयर’. राक्षसांना तिचा मार दोन फासे जास्त बसतो, वर ते खाली कोसळूही शकतात. भैरू दोन आठवडे त्या तलवारीबद्दल बोलत होता. ग्रुपवर तलवारीचं चित्र टाकलं होतं, ऑफिसच्या वहीत बॉलपेनने काढलेलं.

लढाई सुरू झाली. तीन हिल जायंट. माझी टर्न भैरूच्या आधी. मी मनातल्या मनात गणित केलं. भैरूचे दोन्ही वार नव्या तलवारीने लागले तर ३३. पण मला त्याच लेव्हलला मिळालेला ‘पॉलिमॉर्फ’ टाकून भैरूला महाकाय वानर बनवलं तर त्याचे दोन गुद्दे मिळून ४४. शिवाय वानराचे हिट पॉइंट १५७. डन!

"मी भैरूला किंगकाँग बनवते!"

टेबल पेटलं. चिकूने छाती बडवून दाखवली. माईने गोरिल्लाचा आवाज काढला. आम्ही आरामात जिंकलो. पॉलिमॉर्फमध्ये अंगावरचं सामान नव्या रूपात विरघळून जातं, वापरता येत नाही. म्हणजे तलवारही.

निघताना बूट घालता घालता भैरू म्हणाला, "भारी होतं. पण मग तलवार कशाला दिली होती?" असं हसत म्हणाला, की आम्ही पण हसलो.

पुढच्या शनिवारी त्याचा मेसेज आला, रिलीज आहे. त्याच्या पुढच्या, गावी चाललोय. त्याच्या पुढच्या शनिवारी मेसेजच नाही.

पन्नास वर्षांचं दुखणं

"हा प्रॉब्लेम आपला एकट्यांचा नाहीये," डीएम म्हणाला. आम्ही दोघं अमृततुल्यच्या बाहेर चहा घेत उभे होतो. "गेम निघाला तेव्हापासूनचा आहे."

मग घरी जाऊन मी पत्रकार म्हणून जे थोडंफार येतं ते केलं. वाचलं.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन या दोघांनी हा गेम आणला. विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा नावाच्या छोट्या गावातून. त्याच्या आधी ही मंडळी टेबलवर छोटे सैनिक मांडून लढायांचे खेळ खेळायची. ‘चेनमेल’ या १९७१ च्या खेळात जादूगार होता, पण तोफेसारखा. फायरबॉल म्हणजे जणू मोठ्या गोफणयंत्राचा मारा. आता विचार करा, तोफेला आणि साध्या शिपायाला एकाच टेबलवर, मित्र म्हणून बसवलं तर काय होणार?

मग या तोफेला वेसण कशी घालायची? त्यांनी युक्ती उचलली जॅक व्हॅन्स या लेखकाकडून. त्याच्या १९५० च्या ‘द डाइंग अर्थ’ या पुस्तकातले जादूगार मंत्र पाठ करतात, आणि एकदा वापरला की तो मंत्र डोक्यातून पुसला जातो. म्हणजे जादू जबरदस्त, पण मोजकी. १९७८ च्या नियमांत पहिल्या लेव्हलच्या जादूगाराला दिवसाला एक स्पेल मिळायचा. एकच! हिट पॉइंटसाठी चार बाजूंचा फासा. मंत्र म्हणताना कुणी टपली मारली तरी मंत्र वाया. शिवाय प्रत्येकाला पुढची लेव्हल गाठायला लागणारे पॉइंटही वेगवेगळे. आधी सोस, मग मजा कर, असा सगळा कारभार.

२००० साली तिसरी आवृत्ती आली. पॉइंटचा तक्ता सगळ्यांना एकच झाला, जादूगारावरची बंधनं सैल झाली आणि विझर्ड सुसाट सुटले. खेळाडूंमध्ये एक वाक्प्रचारच रूढ झाला, फायटर सरळ रेषेत वाढतो आणि विझर्ड वर्गाच्या पटीत. दोन, तीन, चार विरुद्ध चार, नऊ, सोळा.

मग २००८ च्या चौथ्या आवृत्तीने सगळ्यांना एकाच मापाने मोजलं. फायटर असो नाहीतर विझर्ड, प्रत्येकाला हवं तेव्हा वापरायचे काही डाव, लढाईत एकदा वापरायचे काही, दिवसातून एकदा वापरायचे काही. कागदावर एकदम फेअर. पण बऱ्याच जुन्या खेळाडूंचं म्हणणं पडलं, की मग फायटर आणि विझर्ड यांत फरक तो काय राहिला? २००९ मध्ये ‘पाथफाइंडर’ नावाचा गेम तिसऱ्या आवृत्तीचाच धागा पुढे घेऊन आला आणि खूप जण तिकडे वळले.

२०१४ ची पाचवी आवृत्ती मधल्या वाटेने गेली. आम्ही अजून तीच खेळतो. तिच्यातला सगळ्यात हुशार फंडा म्हणजे ‘कॉन्सन्ट्रेशन’. उडणं, अदृश्य होणं, विचार वाचणं, असे टिकाऊ स्पेल लक्ष देऊन धरून ठेवावे लागतात आणि एका वेळी एकच धरता येतो. मार बसला तर लक्ष टिकलं का, यासाठी फासा टाकायचा. २०२४ च्या नव्या पुस्तकांत फायटरला शस्त्रांचे वेगळे डाव मिळाले. शिवाय मारामारीच्या बाहेर, म्हणजे दार ढकलताना किंवा कुणाला पटवताना अपयश आलं, तर पुन्हा जोर लावायची सोयही. म्हणजे "मी मारतो"च्या पलीकडे भैरूला काहीतरी असावं, हे त्यांनाही पटलेलं आहे.

वाचून मला दोन गोष्टी वाटल्या. एक, हुश्श, दोष माझा एकटीचा नाही. दोन, सगळ्यांना सारखं करून टाकणं हे उत्तर नव्हे, ते करून झालंय. मग उत्तर काय?

रोजच एक तारीख

ते डीएमला आधीच सापडलं होतं, बँकेतला माणूस तो. "स्पेल म्हणजे तुझा पगार आहे," तो म्हणाला. "आठ तासांची झोप झाली की पगार जमा. २०१४ च्या डीएमच्या पुस्तकात गृहीत काय धरलंय? दोन झोपांच्या मध्ये सहा ते आठ लढाया होतील. म्हणजे महिनाभर पुरवायचा पगार. आपण काय करतो? शनिवारी चार तास खेळतो, त्यात एक लढाई, फार तर दोन. मग तुझ्या झोपडीत सगळे झोपतात. तुझी रोजच एक तारीख! रोज पगार झाला तर कोण कशाला काटकसर करेल?"

आणि भैरू? भैरूची तलवार कधी संपत नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मारत राहू शकतो. पण दिवस दहा मिनिटांत संपत असेल तर न संपण्याला किंमत काय?

मी तिथल्या तिथे उदार झाले. म्हटलं, "ठीक आहे, मी हात आखडता घेते. नॉक नाही, फ्लाय नाही, भैरूला पुढे जाऊ देते."

डीएम म्हणाला, "म्हणजे उपकार. त्याला कळणार नाही असं वाटतं तुला?"

मी गप्प बसले. बसायलाच हवं होतं.

शेवटी मी भैरूला फोन केला. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, येत का नाहीस? तो जरा वेळ थांबला. मग म्हणाला, "अगं, ऑफिसमध्ये पाच दिवस हेच असतं. मीटिंगमध्ये मी तोंड उघडेपर्यंत कुणीतरी हुशार माणूस उत्तर देऊन मोकळा झालेला असतो. आणि उत्तर बरोबरच असतं, म्हणून काही बोलता पण येत नाही. शनिवारी तासभर गाडी मारून तेच बघायला यायचं?"

उत्तर बरोबरच असतं... हे मला लागलं. कारण माझं पण गणित बरोबरच होतं. ३३ पेक्षा ४४ मोठेच असतात.

आता ते मगाचचं. फ्रीलान्स पत्रकार विझर्ड का होते? कारण सोमवार ते शुक्रवार माझ्या हातात काही म्हणजे काही नसतं. विषय पाठवायचा आणि वाट बघायची. मेलला उत्तर नाही. लेख छापून आला तर पैशांसाठी वाट बघायची. तीन-तीन महिने फोन करायचे, तेही हसतमुखाने, कारण पुढचं काम हवं असतं. शनिवारी मात्र मी बोट दाखवलं की दार उघडायचं. मला ते सोडवत नव्हतं. भैरूला हवं होतं तेच मलाही हवं होतं, फक्त माझ्या हातात स्पेलबुक होतं.

हे मी त्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "मग तू टेस्टिंगला ये, मी लेख लिहितो." आणि पुढच्या शनिवारी आला.

उपकार नको, हिशेब हवा

त्या शनिवारी आम्ही तासभर खेळलोच नाही. नियमावर बोललो. २०१४ च्याच पुस्तकात एक पर्याय दिलेला आहे, तो घ्यायचं ठरलं. रात्रीची आठ तासांची झोप ही फक्त छोटी विश्रांती. पुरी विश्रांती, जिच्यानंतर माझे सगळे स्पेल परत येतात, ती म्हणजे सात दिवसांचा आराम. राक्षस मागे लागलेले असताना सात दिवस कोण देतंय? भैरूचे खास डाव मात्र छोट्या विश्रांतीतच परत येतात, म्हणजे रोज रात्री.

सगळे खूश झाले असं समजू नका. माईची कुरकुर रास्त होती. क्लेरिकची जादूही त्याच हिशेबात येते, म्हणजे जखमा भरायला आता स्पेल कमी. शेवटी डीएमने वाटेत औषधाच्या कुप्या जास्त ठेवायचं कबूल केलं. मी पहिले तीन शनिवार आतून जाम वैतागलेले होते. दार दिसलं की तोंडातून ‘नॉ...’ निघायचं आणि मी गिळायचे. मग चिकू कुलूप उघडायची, आवाज न करता. पलीकडच्या पहारेकऱ्याला पत्ताच नाही! वर्षभर आम्ही तीनशे फुटांपर्यंत दवंडी पिटत का फिरत होतो, हा प्रश्न तिने विचारला नाही. नुसतं बघितलं माझ्याकडे.

आणि मग तो पूल. दगडी, अरुंद, एका वेळी एकच जण जाईल एवढा. पलीकडे तीन ओगर, एकेकाचे हिट पॉइंट ५९. माझ्याकडे आठवड्याच्या शेवटी उरलेले दोन स्लॉट, एक तिसऱ्या पातळीचा आणि एक पहिल्या. फायरबॉल टाकला तर तिघांना सरासरी २८. एकही मरणार नाही, आणि माझा खिसा रिकामा.

मी पुन्हा गणित केलं. ‘हेस्ट’ हाही तिसऱ्या पातळीचाच स्पेल. ज्याच्यावर टाकू त्याची चाल दुप्पट, अंगावर येणारे वार चुकवणं सोपं, वर एक वार जास्त. म्हणजे भैरूचे तीन. आणि नियमांनुसार ओगरची गणना राक्षसांत, जायंटमध्ये होते. म्हणजे जायंट स्लेयर! तीनही वार लागले तर एका टर्नमध्ये जवळजवळ पन्नास, आणि मी लक्ष टिकवलं तर दहा टर्न.

हा चांगुलपणा नव्हता हं. हाच सगळ्यात चलाख डाव होता. मला वाटतं बॅलन्स म्हणतात तो हाच. ताकदवान माणसाने स्वतःचा स्वार्थी हिशेब मांडला, तरी उत्तरात बाकीच्यांची नावं आली पाहिजेत. माझ्या चांगल्या स्वभावावर भैरूची मजा अवलंबून असेल तर ती कधीही बंद पडू शकते. माझा स्वभाव मला माहीत आहे.

पण हिशेब झाला तरी एक गोष्ट उरतेच. ‘हेस्ट’च्या वर्णनात स्पष्ट लिहिलंय, की तो ज्याची तयारी असेल त्याच्यावरच टाकता येतो. पॉलिमॉर्फचंही तसंच काहीसं आहे. तयारी नसेल तर समोरच्याला विरोधाचा फासा टाकायचा हक्क आहे. ते मला तोंडपाठ होतं. किंगकाँगच्या वेळी मी भैरूला विचारलंच नव्हतं. आपलाच माणूस, तो कशाला नाही म्हणेल? नियम पाठ असणं आणि नियम पाळणं यात एवढं अंतर असतं.

"भैरू, तुझ्यावर हेस्ट टाकू का?"

त्याने मान वर केली. "टाक की!"

तो पुलाच्या तोंडाशी उभा राहिला. मी त्याच्या मागे, हाताच्या अंतरावर. पहिला ओगर त्याच्या वाराने कोसळला आणि डीएमने त्याला पुलावरून थेट खाली जाऊ दिलं. मग मागच्या दोघांपैकी एकाने माझ्यावर भाला फेकला. मला लागला असता तर लक्ष टिकवायचा फासा टाकावा लागला असता. तो हुकला असता तर हेस्ट तुटला असता, आणि हेस्ट तुटला की भैरूची एक टर्न गारद, ओगरच्या समोर.

"एक मिनिट," भैरू म्हणाला. "मी ढाल मध्ये घालतो."

त्याच्याकडे पहिल्या लेव्हलपासून ते कसब होतं. शेजारच्यावर हल्ला झाला तर ढाल आडवी घालायची, मग हल्ला करणाऱ्याने दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा. मी उडायला लागल्यापासून त्याच्या शेजारी उभीच राहिले नव्हते, मग तो वापरणार कधी आणि कुणासाठी?

डीएमने दोन फासे टाकले. १९ आणि ४.

चार धरायचा. भाला ढालीवर आपटून खाली. खालच्या पार्किंगमधल्या लोकांनी वर बघितलं असेल एवढा आरडाओरडा झाला. माझा गळा बसला, आणि त्या टर्नला मी काहीच केलेलं नव्हतं.

आता सगळं आलबेल आहे असं नाही. आम्ही दहाव्या लेव्हलकडे चाललोय, पुढचे स्पेल आणखी भयानक आहेत आणि माझा अभ्यास थांबलेला नाही. डीएम म्हणतो, तेराव्या लेव्हलला ‘टेलिपोर्ट’ मिळाला की परत बसून बोलावं लागेल. बोलू.

मागच्या शनिवारी पुन्हा एकदा पॉलिमॉर्फची वेळ आली. समोर एक अवजड प्रकरण होतं, माई जवळजवळ संपली होती आणि आकडे स्वच्छ वानराच्या बाजूने होते. मी विचारलं, "भैरू, किंगकाँग होतोस का?"

त्याने आपली शीट बघितली. फासा हातात घोळवला.

"नको. आज तलवार."

आम्ही पळून कसेबसे जीव वाचवले. चिकूची पिशवी तिथेच राहिली, तिच्यात चारशे सुवर्णमुद्रा होत्या. ती अजून आम्हा दोघांशी धड बोलत नाहीये. भैरू मात्र येत्या शनिवारी अर्धा तास लवकर येतोय. सामोसे आणतो म्हणालाय.